पत्र्याच्या फटीतला डबा

टाळेबंदीत बुधवार पेठेतली आमची गल्ली मधोमध पत्रे ठोकून बंद केली होती. अलीकडे आम्ही, म्हणजे निरोगी. पलीकडे प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यात माझी आत्या. तिने गॅलरीतून हाक मारली की आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येई. विषाणूला मात्र ही हद्द कोणीतरी नीट समजावून सांगितली असावी.

आत्या एकटी राहायची. टाळेबंदीच्या जरा आधी न्हाणीघरात पडून तिचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये गेला होता. स्वयंपाकाच्या बाईंना आत जायला बंदी. खालच्या मजल्यावरचं कुटुंब बाधित निघून विलगीकरण केंद्रात गेलेलं, त्यामुळे त्या जिन्याकडे शेजारीपाजारी फिरकत नव्हते. राहता राहिला आमचा डबा.

पत्र्यांमध्ये माणूस जाईल एवढी फट ठेवली होती आणि तिथे स्वयंसेवक म्हणून गल्लीतलेच एक कापड दुकानदार उभे असत. दुकान बंद, घरात बसवत नाही, त्यात कोणीतरी त्यांना चकाकतं जाकीट, काठी आणि शिट्टी दिली. झालं! जन्मभर दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवून घोरणारा माणूस आता भर दुपारी खडा पहारा देऊ लागला.

"काय आहे डब्यात?" त्यांनी मला अडवलं.

"वरण-भात, भाजी, पोळ्या. आत्यासाठी."

"शिजवलेलं अन्न जाणार नाही. दूध, औषधं आणि भाजी, एवढंच अत्यावश्यक."

"भाजीच आहे की."

"कच्ची."

"अहो, तिचा हात मोडलाय. कच्चा दुधी घेऊन ती काय करणार?"

"ते मी कसं सांगणार? नियम आपल्याच भल्यासाठी असतात."

मी घरी जाऊन दुधी आणला. तो त्यांनी सन्मानाने आत सोडला. हेल्पलाइनला फोन लावला, तर आधी खोकल्याची रेकॉर्ड वाजली, मग हात कसे धुवावेत ते सांगितलं आणि फोन कट झाला. आत्या दोन दिवस दुधात पोहे भिजवून खात होती. पोहेही संपत आले होते. मी विचारलं की म्हणायची, "माझं काय, चाललंय." ते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा डबा घेऊन गेले. त्याच वेळी दुकानदारांच्या पत्नी आमच्या बाजूने आल्या आणि त्यांच्या हातात डबा देऊन गेल्या. साहेबांनी शिट्टी गळ्यातून काढली, स्टूल फटीत ओढलं आणि आमटी ओरपायला सुरुवात केली.

"हे कच्चं आहे का?" मी विचारलं.

"मी ड्यूटीवर आहे."

मग मात्र माझा तोल सुटला. तुमची अक्कलही दुपारी बंद असते का, इथपासून सुरू झाले ते थांबेचना. खिडक्यांतून माणसं डोकावू लागली.

आरडाओरडा ऐकून आत्या खाली आली. गाऊनवर ओढणी, तीच नाकावर गुंडाळलेली. ही बाई पंगतीतसुद्धा कधी दुसऱ्यांदा वाढून घ्यायची नाही, आग्रह केला तर ताटावर हात आडवा धरायची. ती पत्र्यापलीकडे थांबली. माझ्याकडे तिने बघितलंच नाही. वयाने निम्म्या असलेल्या त्या माणसाला म्हणाली,

"अहो, मला भूक लागलीय हो."

त्यांचा घास हातातच राहिला. मी डबा स्टुलाशी ठेवला, तो मान वळवून त्यांनी काठीने आत ढकलला. "आजचा दिवस फक्त," म्हणाले.

मला वाटलं, आत्या डबा घेऊन वर जाईल. ती जिन्याच्या खालच्या पायरीवरच बसली. डबा गुडघ्यांत धरून तिने झाकण उघडलं आणि सगळ्या गल्लीदेखत डाव्या हाताने भात खाऊ लागली. वर जाईपर्यंत तिला दम निघाला नाही.