धोंड्याला जावाई सायकलीवर आले

आमचे हे वसमतच्या मोंढ्यात हळद घालून परत आले आणि ओसरीवर टेकले ते बोलेचनात. मी पाणी दिलं. तांब्या तसाच हातात धरून बसले. मला वाटलं, भाव पडला.

"भाव न्हाई भेटला का?"

"भाव बराबर भेटला."

"मग तोंड काहून उतरलं?"

तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले, "जावाई दिसला."

"मग चांगलं झालं की. काय बोलले?"

"मी बोललोच न्हाई. ट्रकच्या मागं लपलो."

सासरा जावयाला बघून ट्रकच्या मागं लपतो, हे मी ह्या वयात पहिल्यांदाच ऐकलं. म्हटलं, ह्यांना ऊन लागलं का काय. तर म्हणतात, "सायकलीवर होता. नात पुढं दांडीवरच्या बारक्या सीटवर, दप्तर हँडलला अडकवलेलं. घंटी वाजवत वाजवत चालले होते दोघं."

मी खालीच बसले.

तुमी म्हणाल, सायकलीत एवढं काय हाय. शहरात डॉक्टर लोक सायकलीवर हिंडतात म्हणे. पण आमच्या हट्ट्याकडच्या गावांमधी आता दूध घालायला जाणारं पोरगं बी फटफटीवर जातं. सायकल चालवतो तो एक तर शाळेतलं लेकरू, न्हाई तर ज्याचं काही तरी बिघडलं असा माणूस. आणि आमची एकुलती एक लेक त्या घरात दिलेली. जावाई मोंढ्यात हळदीच्या गोदामावर देखरेखीला असतात. संध्याकाळी घरी येतात तेव्हा कॉलरपर्यंत पिवळे, रोजच नवरदेव. त्यांचे आईबाप डोंगरकड्याकडं शेतावर, वसमतला हे तिघंच. नात तेव्हा पहिलीत होती. तिला शाळेत सोडायचं, कामावर जायचं, सुट्टी झाली की तिला आणून गोदामात पोत्यावर बसवायचं, हा त्यांचा रोजचा फेरा. पण तो फटफटीवर. ती फटफटी त्यांनी स्वतःच्या कमाईची घेतली होती. लग्नात ह्यांनी विचारलं होतं, काय द्यायचं, तर म्हणाले होते, पोरगी द्या.

मी लेकीला फोन लावला. इकडचं तिकडचं विचारलं आणि मग म्हटलं, "गाडी कुठं हाय तुमची?"

"विकली."

"काहून?"

"असंच. सायकल तब्येतीला बरी ऱ्हाती म्हणतात ते."

"तू खरं सांगून राहिली का?"

"माय, कुकरची शिट्टी होऊन राहिली, ठेवते."

कुकरचा आवाज मला काही आला न्हाई.

झालं, घरात बैठक बसली. बैठक म्हणजे आमी दोघं आणि आमचे धाकटे भावजी. भावजींना जावयांचा लई अनुभव. त्यांच्या जावयानं दिवाळीच्या पंगतीत ताटावर हात आडवा धरला होता, आणि बोटात अंगठी पडल्यावरच तो हात उचलला. भावजी पानाला चुना लावत म्हणाले, "वयनी, तुमाला कळून न्हाई राहिलं. धोंड्याचा महिना तोंडावर आला. आन् नेमकी आताच गाडी विकली. सायकल घेतली ती कुठं फिरवतो? सासरा हळद घालतो त्या मोंढ्यात. मागणारा तोंडानं मागतो, शहाणा चाकानं मागतो."

"त्यांनी कधी एक सुपारी मागितली न्हाई," मी म्हटलं.

"म्हणूनच तर. इतके वर्षं दाबून ठेवलं."

आता हे बोलणं मला वेडगळ वाटायला पाहिजे होतं. पण वाटलं न्हाई. आमच्याकडं रीतच तशी हाय. जावाई रुसला तर तो सांगत न्हाई, आपण वळखायचं असतं. कुणी जेवताना मिठाकडं बघतो, कुणी जाताना चप्पल सावकाश घालतो, आणि घरच्यांनी त्यावरून समजायचं. धोंड्याच्या महिन्यात तर जावाई म्हणजे साक्षात नारायण. तीन वर्षांतून एकदा तो महिना येतो. लेकीला, जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, आपापल्या ऐपतीनं वाण द्यायचं. हे रात्रभर कुशी बदलत राहिले. सकाळी म्हणाले, "हळद आत्ताच गेली हाय. लेकीच्या सुखापुढं काय." आणि भावजींना घेऊन गाडी बघायला गेले.

गाडी टेम्पोतून आली. काळी, चकचकीत. गोठ्यात ताडपत्रीखाली झाकून ठेवली. गाय दोन दिवस तिच्याकडं मान वाकडी करून बघत होती.

रविवार धरला होता. लेक आदल्या दिवशीच ऑटोनं आली, पण आमी तिला काही सांगितलं न्हाई. भावजी म्हणाले होते, बायकांना सांगितलं की बातमी आधी पोचते, गाडी मागून. लेक धोंडे करायला माझ्याजवळ बसली. पुरण भरता भरता मी दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा तिनं पीठ सैल झाल्याचं सांगितलं.

दहाच्या सुमाराला घंटी ऐकू आली. वसमतपासून आमच्या गावापर्यंत जावाई सायकल मारत आले होते, पावसाची भुरभुर अंगावर घेत. पुढं नात, गुलाबी रेनकोटात. पार ओलांडेपर्यंत मागं गावातली पोरं पळत होती. शेजारीण कुडावरून म्हणाली, "आलं गं तुझं वऱ्हाड सायकलीवर." मी तिच्याकडं बघितलंच न्हाई. नात उतरली आणि सांगायला लागली की वाटेत एका कुत्र्यानं बाबाच्या पायताणाला धरलं, आणि बाबानं त्याला बिस्कीट दिलं तर ते पुढल्या गावापर्यंत पोचवायला आलं. जावाई हसत होते. मला वाटलं, एवढं खुशीत हाय माणूस, म्हणजे ह्याला ठाऊकच असणार आज काय भेटणार ते.

पाय धुतले, पाट मांडला, टिळा लावला. वाण दिलं. ताटं वाढायची तेवढी राहिली होती. तेव्हा भावजींनी गोठ्यातून गाडी ढकलत आणली. झेंडूचा हार घातलेली, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक.

जावयांनी गाडीकडं बघितलं. मग ह्यांच्याकडं. त्यांचा चेहरा असा पांढरा पडला की मला वाटलं, आनंदानंच. लेक स्वयंपाकघराच्या दारात आली आणि तिच्या हातातली पळी खाली पडली.

"बाबा, गाडी नको," नात म्हणाली. त्यांच्या पँटीला धरून मागं सरकली.

"नको काय," भावजी म्हणाले. "आजोबाची गाडी हाय. बस बघू ऐटीत." आणि तिला उचलून मागल्या सीटवर बसवली. वर चावी फिरवून गाडी सुरू केली, लेकराला गंमत वाटावी म्हणून.

लेकरू ओरडलं न्हाई, रडलं बी न्हाई. लाकडासारखं ताठ झालं. डोळे मोठे करून बापाकडं बघत राहिलं, आणि नव्या सीटवरून पाणी खाली गळायला लागलं. खालची माती ओली झाली तेव्हा मला कळलं की ते काय हाय.

जावयांनी तिला उचललं. रेनकोटात गुंडाळून सायकलीवर ठेवलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "मामा, मी कधी काही मागितलं होतं का?"

सायकल फाटकातून बाहेर गेली. लेकीनं पिशवी घेतली. "माय, हे काय करून बसल्या तुमी," एवढंच म्हणाली आणि रस्त्याला लागली. मी मागं धावले, तर फाट्यावर ऑटो मिळाला तिला.

धोंड्याच्या महिन्यात जावाई भरल्या घरातून उपाशी गेला. ह्यापरीस वाईट आमच्याकडं काही नसतं. गाव तर बोलणारच, बोलू द्या. मला भीती निराळीच होती. मला एकच लेक. उद्या त्या घराचं दार मला उघडं ऱ्हाईल का न्हाई, नात पुन्हा ह्या अंगणात पाय ठेवील का न्हाई, एवढंच डोक्यात घुमत होतं. फोन कुणी उचलेना. हे गाडीच्या बाजूला उकिडवे बसून राहिले. भावजी म्हणाले, "रंग आवडला नसल." तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा घरी जा म्हणून सांगितलं.

सकाळी डब्यात धोंडे भरले आणि पहिल्या जीपनं वसमत गाठलं. त्यांच्या गल्लीत पोचले तर जावाई दारात सायकलीत हवा भरत होते. नात पायरीवर, दप्तर पाठीला. लेक आत. मी डबा हातात घेऊन उभीच राहिले. म्हटलं, "जावाईबापू, आमचं चुकलं. तुमी रुसला असं वाटलं आमाला."

"रुसलो?" ते म्हणाले. पंप तसाच हातात. "मामी, मी कशावर रुसू?"

"गाडी विकली, सायकल घेतली..."

त्यांना खरंच आत्ता समजून राहिलं होतं, आमच्या डोक्यात काय शिरलं होतं ते. मग पायरीवर बसले, नातीच्या बाजूला.

"मामी, मी हिला रस्त्यावर सोडून गेलो होतो."

मला वाटलं, मी नीट ऐकलं न्हाई.

"शाळा सुटली व्हती. पेरूवाल्याच्या गाड्यापाशी थांबलो. पेरू घेतले. हिला म्हटलं, बस. ही चप्पल नीट करायला वाकली. मला वाटलं बसली. मी निघालो. वाटभर बोलत गेलो हिच्याशी. शाळेत काय शिकवलं, डबा संपवला का. उत्तर येत नव्हतं, पण गाडीच्या आवाजात तसं बी ऐकू येत न्हाई. रोजच येत नव्हतं. पंपावर पेट्रोल भरायला थांबलो, म्हटलं, उतर गं बाई. मागं हात नेला तर सीट रिकामी."

मी डबा छातीशी धरला. कालपासून मला एकामागून एक धक्केच बसत होते, पण हा धक्का निराळा होता.

"ट्रकांची लाइन लागलेली," ते म्हणाले. "मी कसा वळलो, मला आठवत न्हाई. मला वाटलं पडली कुठं तरी. रस्ता बघत बघत आलो. मामी, तो रस्ता बघत येणं कुणाच्या वाट्याला येऊ नये."

"मी पेरूवाल्या मामांपाशी होते," नात म्हणाली. "बाबाला लई हाका मारल्या. मामांनी मला मीठ लावलेला पेरू दिला."

"तवापासून ही गाडीवर बसत न्हाई," लेक दारातून म्हणाली. "आन् ह्यांना चालवताना मागंच बघावं वाटतं. पुढचं दिसत न्हाई. विकून टाकली. कुणाला काय सांगणार, बाप लेकराला इसरला म्हणून?"

"सायकलीवर हिचं वजन कळतं," जावाई म्हणाले. "ही समोर असती. बोललेलं ऐकू येतं. उशीर व्हतो, मालक बोलतो, पण ऐकू येतं."

मी पदर तोंडाला लावला. तेवढ्यात नात उठली, "बाबा, घंटा व्हईल." लेकीनं माझ्या हातातला डबा घेतला आणि हँडलला अडकवला. नात दांडीवर चढली आणि मला म्हणाली, "आजी, तू मागं बस. शाळा दाखवते."

आता ऐका. सासूनं जावयाच्या सायकलीवर डबलसीट बसायचं, हे आमच्या सात पिढ्यांत झालं न्हाई. मी त्यांच्यापुढं पदर पाडून बोलणारी, त्यांच्या पाया पडणारी. मी म्हटलं, "लोक काय म्हणतील." लेक म्हणाली, "माय, लोकांचं ऐकूनच तर गाडी घेतली तुमी." जावाई पाय टेकून सायकल धरून उभे होते. बसा म्हणाले न्हाईत, नको बी म्हणाले न्हाईत.

बसले. एका अंगानं, लुगडं सावरून. गल्लीतल्या बायका झाडू तसाच धरून बघत राहिल्या. सायकल डुलली, मग सरळ झाली. पुढं नातीचं चालू झालं. ही शेळी रोज इथंच असती, तिचं नाव बाबानं ठेवलं. हा पंक्चरवाला बाबाला म्हणतो, साहेब, तुमच्यामुळं माझं पोट चालतं. ह्या चढाला बाबा उभा राहून ढँग ढँग पायडल मारतो. बाप प्रत्येक गोष्टीला हुंकार देत होता, आणि मधून मधून त्याची हनुवटी लेकराच्या केसांना लागत होती.

पहिल्या वळणावर त्यांनी विचारलं, "मामी, बसल्यात ना?"

"बसले."

दवाखान्याच्या पुढं पुन्हा, "मामी?"

"हाय."

हळदीच्या ट्रकांच्या रांगेपाशी आवाज वाढला तेव्हा तिसऱ्यांदा विचारलं, आणि ह्या वेळी त्यांची मान मागं वळायला लागली. मी पदर सोडला आणि हात त्यांच्या पाठीवर टेकवला, चांगला पंजा उघडून. शर्ट ओला होता घामानं. मान पुढं झाली. मग शाळेपर्यंत त्यांनी विचारलं न्हाई.

नात फाटकातून आत गेली. ती आत दिसेनाशी होईपर्यंत ते हलले न्हाईत. मग हँडलचा डबा काढला, उघडला, एक धोंडा उचलला आणि तिथंच उभ्यानं खाल्ला. मी दुसरीकडं बघत राहिले, सासूनं जावयाच्या घासाकडं बघू नये म्हणून.

"मामा जेवले का काल?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

त्यांनी डब्याला झाकण लावलं आणि डबा माझ्या हातात दिला. "मग ऱ्हायलेले त्यांना घिऊन जा. म्हणावं, जावयानं खाल्लं. रविवारी हिला घिऊन येतो." सायकलीवर टांग मारताना थांबले. "आन् ती गाडी माझ्यासमोर ठेवू नका."

जीपमधी मी डबा मांडीवर धरून बसले होते. घरी गेले तर हे अजून गोठ्यापाशीच. डबा उघडून त्यांच्यापुढं ठेवला आणि म्हटलं, "घ्या, जावयानं खाल्लं."