जुन्या जिल्ह्याचं नाव

शिक्क्याच्या शाईचा वास आला की मी अजून जीभ चावतो. दुष्काळाचं साल होतं, लातूर नुकतंच जिल्हा झालेलं, आणि नव्या कचेरीत कारकुनाच्या मुलाखती होत्या. आईनं पिण्याच्या पाण्यातून शर्ट धुऊन दिला होता. मी मंत्र्यांपासून तालुक्यांपर्यंत सगळं घोकलं होतं. साहेबांनी पहिलंच विचारलं, "जिल्हा कोणता?" मी छाती काढून सांगितलं, "उस्मानाबाद." शेजारचे हेडक्लार्क म्हणाले, "मग आम्ही हितं काय करायलोत, बाबा?" मी उठायलाच लागलो, तेव्हा साहेबांनी टेबलावरचा कोरा कागद पुढं सरकवला. वर जुन्या जिल्ह्याचं, उस्मानाबादचंच नाव छापलेलं होतं. "बसा. आमच्या कागदांनाही अजून सवय न्हाई." नोकरी लागली, आणि महिनाभर गठ्ठेच्या गठ्ठे कागदांवरचं ते नाव खोडून लातूरचा शिक्का मारत बसलो. स्वतःचं चुकलेलं उत्तर खोडायला पगार मिळालेला दुसरा माणूस मला अजून भेटायचाय.