बोरीची फांदी

मी कॅमेरा डोळ्याला लावला की मावशी लेन्ससमोर आपला हात धरायची. "दम धर, बापू. ते बी तुले पाहून राह्यलं." मग दोघांनी गप्प बसायचं. पक्षी आम्हाला विसरला की हात खाली यायचा.

तुम्हीही पक्ष्यांचे फोटो काढत असाल, तर अशा हाताचा किती राग येतो ते तुम्हाला ठाऊक असेल. मी बुलढाण्यात कारकून, ती शहराबाहेरच्या उतारावर बकऱ्या चारणारी. पक्ष्यांची नावं मला पाठ होती, पण घरटी तिलाच सापडायची. म्हातारपणामुळे जवळचं तिला धूसर दिसे. लांबचं मात्र लख्ख.

सोनी ही तिची लाडकी बकरी. तिनं माझा पोह्यांचा डबा दोनदा फस्त केला. मावशी तिला सोडून मलाच रागवायची, की झाकण नीट लावत जा म्हणून.

एकदा होळीच्या आधी मावशीनं बोरीच्या झुडपात शिंजिराचं घरटं दाखवलं. अंगठ्याएवढा पक्षी, आणि लोंबत्या चिंधीसारखं घरटं. आत दोन पिल्लं होती, पण समोर एक पानांची फांदी आडवी येत होती. मावशी बकऱ्या वळवायला गेली, तेवढ्यात मी पिशवीतली कात्री काढली आणि फांदी छाटली. फोटो झकास आला.

पुढच्या रविवारी घरटं फाटलेलं. आडोसा गेल्यावर कावळ्यांना ते दिसलं होतं. मावशी बराच वेळ झुडपापाशी उभी राहिली.

"माह्या सोनीनंच फांदी खाल्ली असंन," ती म्हणाली.

सांगायला लाज वाटते, पण मी मान डोलावली.

आठवड्याच्या आत तिनं सोनीला साखरखेर्ड्याला लेकीकडे धाडलं. तरी सवयीनं ती सोनीला हाक मारायची, आणि मी कॅमेऱ्यात डोकं खुपसून बसायचो.

दिवाळीला मी तोच फोटो मोठा करून, चौकटीत बसवून तिला दिला. तेवढंच माझ्या मनाला बरं. महिनाभरानं सोनी परत आली. लेकीला जड झाली असेल, असं मी धरून चाललो.

पुढची तीन वर्षं रविवार तसेच गेले. फक्त निघताना ती विचारायची, "काई सांगाचं राह्यलं का, बापू?" मी नाही म्हणायचो आणि स्कूटरला किक मारायचो.

यंदा मावशी गेली. मी भेटायला गेलो तेव्हा लेक घरी होती. फोटो समोरच्या भिंतीवर होता. "माय इथूनच पाह्याची," दाराजवळच्या खाटेकडे बोट दाखवत ती म्हणाली. मीही तिथून पाहिलं. कोपऱ्यात फांदीचं छाटलेलं टोक होतं, पांढरं, तिरकं, एका कापाचं.

"माय म्हने, बकरी चावते, अशी कापत नाही. बापूच सांगंन कधीतरी."

मग मी सांगितलं, पहिल्यापासून सगळं. लेकीनं ऐकून घेतलं, "हाव" म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली. मी रिकाम्या खाटेसमोर बसून राहिलो.