थाळी फिरून राह्यली

मेहकरच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली तेव्हा बाबा माझी बॅग घेऊन आधी चढले, खिडकीची जागा धरली आणि खाली उतरून मला म्हणाले, "तिकडं मावशीसारखं बोलाले शिकजो बाई. आपल्या बोलन्याले लोकं हासतात." आई शेजारीच चिवड्याचा डबा घेऊन उभी होती. ती त्यांच्याकडे न बघताच म्हणाली, "काऊन? तिले बोलता नाई येत का?" दोघांचं तिथंच जुंपलं असतं, पण कंडक्टरनं घंटी मारली. जालन्याच्या रस्त्याला लागेपर्यंत मी रडले. मग भूक लागली म्हणून चिवडा खाल्ला.

घरातून निघताना एक बोली झाली होती. नोकरी टिकली तर पुणं. नाही टिकली तर परत मेहकर, आणि बाबा ठरवतील त्या घरी लग्न. बाबा वाईट नव्हते. बी.ए. झालेल्या मुलीचं आणखी काय करायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. एवढंच कळत होतं की परत जायचं नाही.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. लग्न होऊन पुण्यात आली आणि तिचं 'मले-तुले' कुठल्या कुठं गेलं. मेहकरहून फोन आला की ती तो बाल्कनीत घेऊन जायची आणि मागचं दार ओढून घ्यायची, शेजारच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. मला तिनं पहिल्याच आठवड्यात बजावलं, की इथे 'काऊन' म्हणायचं नाही, 'का' म्हणायचं. 'हाव' म्हणायचं नाही, 'हो' म्हणायचं. तिनं मला घरात ठेवून घेतलं, जेवूखाऊ घातलं, त्याची जाण मला आहे. पण बंद दाराआड सख्ख्या बहिणीशी कुजबुजणारी मावशी बघितली की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. अजूनही होतो.

नोकरी लागली ती घरगुती उपकरणं दुरुस्त करण्याच्या दुकानात. सगळ्यात जास्त यायचे ते मायक्रोवेव्ह. मी तो जाहिरातीत बघितला होता, त्यात हात घालून कधी पुसला नव्हता. माझं काम फोनवर तक्रार ऐकायची आणि नितीनला कळवायची. नितीन म्हणजे दुकानाचा मेकॅनिक, घरोघरी जाऊन दुरुस्ती करणारा. मालकांना सगळे काका म्हणत. काका माझं बोलणं ऐकून मिशीतल्या मिशीत हसायचे, गिऱ्हाइकाला "विदर्भातली आहे हो, गोड बोलते" असं सांगायचे. गोड म्हणजे काय, हे मला समजत होतं.

एकदा एका बाईंचा फोन आला. मायक्रोवेव्ह चालू होतो, पण काही गरम होत नाही. मी सगळं नीट विचारून घेतलं आणि नितीनला फोनवर सांगितलं, "दिवा लागून राह्यला, थाळी फिरून राह्यली, पन दूध थंडच हाय."

आता हे वाचणाऱ्या तुम्हा मेहकर-लोणारच्या माणसांना समजावून सांगायची गरज नाही. फिरून राह्यली, म्हणजे फिरते आहे. या क्षणाला, आपल्या डोळ्यांसमोर. पण नितीन सदाशिव पेठेतला. त्यानं ऐकलं, दिवा लागला तो तसाच राहिला, विझेना. थाळी फिरली आणि मग राहिली, म्हणजे थांबली. दिवा विझत नाही याचा अर्थ दाराचा स्विच गेला, थाळी थांबली याचा अर्थ तिची मोटर गेली. तो बिचारा दोन्ही घेऊन गेला, दोन्ही बदलून आला. दूध थंड ते थंडच. खरं म्हणजे गरम करणाऱ्या भागातला डायोड गेला होता. पण ते कळायच्या आधी बाईंनी दुकानात येऊन सगळ्यांदेखत काकांना फैलावर घेतलं.

त्या गेल्यावर काकांनी मला आत बोलावलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, "उद्यापासून शुद्ध बोलायचं. जमत नसेल तर तसं सांग, मी दुसरी मुलगी बघतो." डोळ्यांपुढे मेहकरचा स्टँड आला, पाहुणे आले, पोह्यांची ताटली आली. 'हो काका' म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. मावशीनं तेच केलं असतं.

मी म्हटलं, "नितीनदादाले नाई समजलं, तर त्यानं विचाराले पाह्यजे होतं. तो बोलते तेव्हा मी विचारतोच ना."

आपल्याकडे बायाही 'मी विचारतो' म्हणतात, ते ऐकून दारात उभ्या असलेल्या नितीनला हसू आलं. काकांना नाही आलं. त्यांनी मला काढलं नाही, पण फोन काढून घेतला आणि मागच्या खोलीत धाडलं. तिथं लोकांचे तेलकट मायक्रोवेव्ह यायचे. ते धुवायचे, पुसायचे. मुलगी आठवड्यात कंटाळून जाईल असा त्यांचा हिशेब असणार.

मी गेले नाही. आपल्याकडे याला हट्टीपणा म्हणतात आणि तो माझ्यात आईकडून आलाय. भांडं भरून पाण्यात लिंबू पिळायचं, ते आत ठेवून उकळू द्यायचं, वाफेनं तेलाचा थर सुटतो, मग फडक्यानं पुसायचं, हे मी तिथं शिकले. आतल्या बाजूला अभ्रकाचा एक पातळ तुकडा असतो. अर्ध्या लोकांना तो खोक्यातला पुठ्ठा वाटतो आणि ते काढून टाकतात. उरलेल्या अर्ध्यांच्या त्या तुकड्यावर फोडणीचं तेल साठतं, आणि एक दिवस आत ठिणग्या उडायला लागतात. अशा ठिणग्या बघून कितीतरी लोक मायक्रोवेव्ह भंगारात घालतात. तो तुकडा बदलला की झालं.

मागच्या खोलीत नितीनचंही टेबल होतं. त्या घोटाळ्याची त्याला माझ्याहून जास्त लाज वाटत होती, त्यामुळे मी काही विचारलं की तो टाळायचा नाही. पत्रा उघडल्यावर पहिली गोष्ट कपॅसिटर. प्लग काढून ठेवला तरी त्यात वीज साठलेली असते आणि ती माणसाला मारू शकते. ती आधी उतरवायची, मगच हात घालायचा. मला उतरवू द्या असं मी म्हटलं तेव्हा काका दारातूनच म्हणाले, की हे बायकांचं काम नाही. मी म्हटलं, "वीज पाह्यते का, बाई हाय का मानूस?" नितीननं रबरी हातमोजे पुढे केले. काका निघून गेले.

त्या खोलीतच मी दुरुस्ती शिकले, आणि आता माझं स्वतःचं दुकान आहे, पिंपरीच्या बाजूला. बाबांची ती लग्नाची बोली आपोआपच मोडली. तुम्ही लोक अधूनमधून विचारता, तिथं अजून आपलंच बोलते का? हो, आपलंच बोलते. हे जे लिहिते आहे ते मेहकरच्या शाळेत शिकवलेलं लेखी मराठी आहे, तेही माझंच आहे. पण तोंडानं जे येतं ते आईचं येतं, आणि ते मी कुणासाठी बाल्कनीत नेणार नाही.

परवा वहिनीचा फोन आला, मेहकरहून. घरात मायक्रोवेव्ह घ्यायचा ठरलाय. पहिला प्रश्न, "भाकर होईन का त्याच्यात?" मी म्हटलं, भाकरीचं नाव काढू नको, तिला तवाच पाहिजे. नुसतं गरम करायचं, पापड-शेंगदाणे भाजायचे तर साधा घे. पोरांना केक करून घालायची हौस असेल तर कन्व्हेक्शनवाला घे, पण मग तो कोपऱ्यात पडून राहिला तर मला सांगू नको. जाड पिनेचं वेगळं सॉकेट लागेल, अर्थिंग नीट असलं पाहिजे, आणि आपल्याकडे व्होल्टेज जसं नाचतं ते बघता स्टॅबिलायझर लावच. मागं हात जाईल एवढी जागा सोड, त्याला श्वास घ्यायला. रिकामा चालवू नको. स्टीलची वाटी आत ठेवू नको, आणि आईला हे आधी सांग, कारण ती ठेवणारच. वहिनी हसून हसून बेजार झाली. मग म्हणाली, "तू तं अजून तशीच बोलतं." मला ते फार आवडलं. तिला सांगितलंही.

माझ्यासारखे जे इकडे आले, त्यांनाही एक सांगायचं आहे. माझ्या दुकानात तुमच्यातले खूप येतात. सुरुवातीला जपून, इस्त्री केल्यासारखं बोलतात. मी 'काय होऊन राह्यलं?' विचारलं की चेहरा बदलतो, आणि मग थांबतच नाहीत. मायक्रोवेव्ह राहतो बाजूला, सोयाबीनपासून लोणारच्या जत्रेपर्यंत सगळं निघतं. एवढं पोटात दाबून कसे राहता? कुणी सांगितलं तुम्हाला?

गेल्या महिन्यात एका सोसायटीतून फोन आला. बाई अध्यक्ष होत्या. स्वतःचा मायक्रोवेव्ह बिघडला होता, आणि काम पसंत पडलं तर अख्ख्या इमारतीचं मिळणार होतं. दुकान नवीन, मला त्या कामाची फार गरज होती. मी नेहमीसारखं विचारायला लागले तर त्यांनी मधेच तोडलं. "तुमच्याकडे मराठी बोलणारं कुणी आहे का?"

मला क्षणभर काकांची खोली आठवली. मावशीनं शिकवलेलं सगळं जिभेवर तयार होतं. मला ते येत नाही असं नाही.

"मी मराठीच बोलून राह्यली, बाई," मी म्हटलं. त्यांनी फोन ठेवला नाही. मी पुढचा प्रश्न विचारला, सावकाश, एक अक्षरही न बदलता. "थाळी फिरून राह्यली का?"

मग त्या म्हणाल्या, "हो, फिरते आहे. पण गरम होत नाही."

सगळं समजलं होतं त्यांना. पहिल्या वाक्यापासून समजत होतं. मी पत्ता विचारला, त्यांनी सांगितला.

मेहकरला मी वर्षातून एकदा येते, आणि दर वेळी कुणीतरी विचारतं की आता तुझं घर इथं का तिथं. मला हा प्रश्न अवघड वाटत नाही. तोंड उघडण्याआधी जिथं मला वाक्य तपासून बघावं लागत नाही, ते माझं घर. मेहकरला ते मला आईनं आयतं दिलं. पुण्यात ते मी भांडून घेतलंय, आणि माझ्या दुकानात जो फोन वाजतो, तो मी दार सताड उघडं ठेवूनच उचलते.