वारा न लागणारी गाडी

आमच्या घरात गाडी म्हटली की तिला आधी बैल लागत. त्यामुळे अकोल्याच्या विद्यार्थी स्पर्धेसाठी शर्यतीच्या मोटारीचा नमुना करायचाय, असं मी सांगितलं तेव्हा धाकट्या काकाने पहिला प्रश्न विचारला, "जोडी कोणाची?"

काका शंकरपटाचा नादी. पटात बैलजोडी जीव तोडून पळते आणि मागे हलक्या गाडीवर हाकणारा अंगाची घडी करून बसतो, एवढंच त्याचं शर्यतीचं शास्त्र. इथे मात्र छोटी गाडी तिरप्या फळीवरून नुसती सोडायची होती, ना बैल ना माणूस, आणि जी मैदानात सगळ्यांत लांब जाईल ती जिंकणार होती. हे ऐकून त्याला माझी कीव आली. "मंग ते शर्यत कायची? घरंगळणं झालं," तो म्हणाला.

मी तेव्हा आठवीत होते. वलगावहून अमरावतीच्या शाळेत जाऊन-येऊन करायची. नववीला गणित-विज्ञान घ्यायचं माझ्या मनात होतं आणि बाबांच्या मनात गृहशास्त्र. माझ्या भाकरीचा तव्यावर पडेपर्यंत भुगा होई, तो दोष गृहशास्त्राने जाईल असं त्यांना वाटत होतं. माझ्या भांडणाला कंटाळून शेवटी त्यांनी खाटेवरून निकाल दिला, "अकोल्याले तुही गाडी चालली त सायन्स. नाई त पोळ्या लाट." हा न्याय मला तेव्हा पटला नव्हता आणि आजही पटत नाही, पण आमच्या घरात अपिलाची सोय नव्हती.

विज्ञानाचे सर पुण्याचे. आमचं बोलणं ऐकून त्यांना नेहमी आपल्याला कुणी दटावतंय असं वाटे. ते म्हणाले, "हवा गाडीला अडवते. आकार असा कर की वारा तिला लागताच कामा नये." कसा करायचा ते काही सांगितलं नाही. स्वतःला वारा लागू नये म्हणून ते भर दुपारी मफलर बांधून फिरत, त्यामुळे या विषयातला त्यांचा अधिकार मी मानला.

पण वारा बघायचा कसा? याचं उत्तर मला आमच्याच खळ्यावर सापडलं. ज्वारीची उपणणी चालू होती. बाबा तिवईवर उभे राहून सुपातली ज्वारी वरून सोडत. दाणे पायाशी पडत आणि भूस वाऱ्याबरोबर पलीकडे जाई. मी पलीकडे जाऊन विटेवर माझी लाकडी गाडी मांडली आणि त्या भुसात बसले. वारा दिसत नाही, भूस दिसतं. आधी ते गाडीच्या चौकोनी ढुंगणामागे गरगर फिरून तिथेच साचलं. मी कानस घेऊन मागची बाजू घासून निमुळती केली. मग ते नाकावर अडायला लागलं, म्हणून नाक गोल केलं. सरांना नाक सुईसारखं टोकदार हवं होतं. मी त्यांना सांगितलं की भुसाला ते आवडत नाही, आणि त्यांनी मफलर आणखी आवळला.

माझ्या केसांत भूस, कानांत भूस, दप्तरात भूस. "हे पोरगी तिथं काय करून राहिली?" बाबा तिवईवरून विचारत. "वारा पाहून राहिली," काका सांगे, आणि दोघंही माझ्यावरून मीठमोहऱ्या ओवाळायला हव्यात अशा नजरेने माझ्याकडे पाहत. पण एका संध्याकाळी भूस गाडीवरून सरळ निघून गेलं, कुठे थांबलं नाही की फिरलं नाही. बाबांनी हातातलं सूप थांबवलं. "आता अडत नाई," एवढंच म्हणाले आणि पुन्हा उपणायला लागले. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी भाकरीसुद्धा थापली. ती फाटली.

अकोल्याला बाबा आले, काकाही आला. येताना त्याने सूप आणलं. "वाऱ्याचं काम हाय म्हनते ना? मंग वारा नको?" बडनेऱ्याला आगगाडी बदलताना ते सूप डब्याच्या दारात अडकलं आणि मूर्तिजापूरला एका बाईने त्याचा भाव विचारला. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

स्पर्धेत माझी गाडी सुटली आणि सगळ्यांच्या पुढे जाऊन थांबली. मी उडी मारणार तेवढ्यात मागे पाहिलं, तर काका उकिडवा बसून सुपाने जीव खाऊन वारा घालत होता. लगेच बोंबाबोंब झाली. धामणगावच्या एका मुलाच्या वडलांनी हरकत घेतली की ही गाडी सुपाच्या जोरावर पळाली. परीक्षक होते एक मुख्याध्यापक. त्यांनी नियम मोठ्याने वाचला, 'सुटलेल्या गाडीस स्पर्धकाने अथवा पालकाने हात लावू नये.' वाऱ्याला हात म्हणायचं की नाही यावर मंडपात बराच खल झाला. काका म्हणाला, "मी त गाडीपासून हातभर दूर होतो, साहेब." ते खरंच होतं. शेवटी मुख्याध्यापकांनी निकाल दिला की वारा सर्वांचा आहे. फेरी पुन्हा होईल आणि ज्याला वारा घालायचा असेल त्याने घालावा.

मग जे झालं ते मी पाहिलं नसतं तर मलाही खरं वाटलं नसतं. मंडपामागे जेवणाचा स्वयंपाक चालला होता, सगळे पालक तिकडे धावले. कुणी सूप आणलं, कुणी परात, कुणी छत्री, एकाने चक्क धोतराचा सोगा सोडला. चांगली शिकलेली, कोट घातलेली माणसं आपापल्या पोरांच्या गाड्यांमागे बेडकासारखी उड्या मारत वारा घालू लागली. धामणगावच्या मुलाची गाडी रॉकेलच्या डब्याची होती, मागून भिंतीसारखी सपाट. तिच्या पाठीवर परातीचा वारा बसला आणि ती मैदान ओलांडून पार पाण्याच्या रांजणाला जाऊन धडकली. चौकोनी, ओबडधोबड, सगळ्या गाड्या पळाल्या. माझ्या गाडीमागे काकाने सुपाची कड तुटेपर्यंत हात चालवला. पण जिला वारा लागू नये म्हणून मी महिनाभर भूस खाल्लं होतं, तिला वारा लागेचना. ती आपली पहिल्या वेळी गेली होती तिथेच जाऊन शांतपणे थांबली. शेवटचा नंबर आला.

मी रडले. सगळ्यांसमोर, नाक ओढत. काकाचं तोंड एवढंसं झालं होतं. "दादा, मी लय हवा मारली," तो बाबांना म्हणाला, "पण हे गाडी लागूच देत नाई."

बाबांनी गाडी उचलली, निमुळत्या शेपटावरून अंगठा फिरवला. तिथे खळ्यावरची एक काडी अजून चिकटलेली होती, ती काढली.

"इतके सुपं मारले," ते काकाला म्हणाले. "उडाले ते काय होतं?"

"गाड्या," काका म्हणाला.

"भूस," बाबा म्हणाले. मग गाडी माझ्या हातात दिली. "आपला दाना जागेवर हाय. घे सायन्स."