चाचांची ट्रेसिंग आणि माझा पंचनामा

ती घटना आजही आठवते. पण मित्रांच्या गप्पांत मी ती कधी सांगितली नाही. कारण त्या तपासात गुन्हा शोधणारा मी होतो आणि चूक करणाराही मीच.

नव्वदचे दशक संपत आले होते. मी कोल्हापुरात फौजदार होतो. एके सकाळी एका गल्लीत घराघरांतून वहीच्या पानाएवढे पत्रक पडले. दुसरे लग्न ठरलेल्या एका विधवा परिचारिकेबद्दल घाणेरडा मजकूर. तिची तक्रार आली, गुन्हा नोंदवला. दुपारपर्यंत खबऱ्याने सांगितले, "साहेब, ह्याच मजकुराचा कागद चाचांच्या दुकानात हाय. डोळ्यांनी बघितलाय."

चाचा म्हणजे स्क्रीन प्रिंटिंगवर लग्नपत्रिका छापणारे साठीचे गृहस्थ. आसपासच्या गल्ल्यांत लग्न हिंदूचे असो, मुसलमानाचे असो की बौद्धाचे, पत्रिका त्यांच्याकडेच जायची. झडतीत त्या मजकुराचा ट्रेसिंग पेपर, म्हणजे ज्यावरून छपाईची जाळी तयार करतात तो अर्धपारदर्शक कागद, दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवलेला मिळाला. चाचांनी तो फक्त कडांना धरून उचलला.

"साहेब, घडी तेवढी घालू नका. ट्रेसिंगवर पडलेली घडी जात न्हाय. तिथली शाई उडती, आन् छापताना अक्षरं तुटत्यात."

"मला शिकवतोस?" मी म्हणालो. पोलिसाच्या हाताला सवय असते, तशी एक आडवी, एक उभी अशी चौपदरी घडी घालून कागद खिशात टाकला. पंचनामा जागेवर व्हायला हवा होता. तो मी ठाण्यात येऊन लिहिला : 'दुकानात चौपदरी घडी घातलेला एक ट्रेसिंग कागद मिळाला.' पंचांनी सह्या केल्या.

चौकशी सुरू झाली.

"छापलं नाहीस, तर कागद ठेवलास कशाला?"

"परत दिला असता तर त्यानं दुसरीकडं छापला असता की. म्हणून ठेवून घेतला आन् त्याला हाकलला."

"मग ठाण्यात का आला नाहीस?"

"पोरीचं नाव चव्हाट्यावर गेलं असतं."

"माणूस कोण होता?"

"वळखीचा न्हवता. पावणं कुठलं, म्या इचारलंच न्हाय."

माझा विश्वास बसला नाही. त्यात वरिष्ठांनी पत्रक पाहिले. मधोमध एका आडव्या रेघेत अक्षरे तुटली होती. त्यांनी जप्त ट्रेसिंग शेजारी धरली. "घडी जुळतेय. आता कबुली घ्या." ती घडी माझी आहे, हे सांगायला तोंड उघडले नाही.

चाचांना रोज सकाळी हजेरीला बोलवायचे आणि संध्याकाळपर्यंत व्हरांड्यातल्या बाकावर बसवायचे. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण बघत जाई. ऐन लग्नसराईत दुकान बंद.

"चाचा, बाकावर तुमचंच नाव लिवतो आता," ठाण्यातला हवालदार म्हणाला.

"लिव की. पर ठळक लिव. नाव बारीक असलं की पत्रिका शोभत न्हाय."

नवव्या दिवशी चाचांनी पत्रक बघायला मागितले. ते उजेडात धरून हवालदाराला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "साहेब, रागावू नका. ह्याच्यावर रेघ एकच हाय, आडवी. तुमच्या घड्या आडवी आन् उभी. पत्रकं वाटली तवा ह्यो कागद सपाट हुता, आन् घडीनंतर छापलं म्हणावं तर उभी रेघबी आली असती."

मला चौघांत उघडे पाडायची त्यांना पुरी संधी होती. त्यांनी आवाज खाली आणला. नऊ दिवस मी त्यांना दरडावत आलो होतो, म्हणून त्यांचे ते सांभाळून घेणे मला जास्तच जड गेले.

म्हणजे ट्रेसिंग आणखी एक होती. ट्रेसिंग निघते लेसर प्रिंटरवर, आणि त्या काळी तो असलेली दुकाने मोजकीच. तिसऱ्या दुकानातला ऑपरेटर हसला. "व्हय साहेब, दोन ट्रेसिंग काढून घेतल्या त्यानं. एक हितंच मधनं दुमडून खिशात घातली. म्हटलं, पावणं, रुमाल हाय व्हय त्यो?" मजकूर वाचायची तसदी त्याने घेतली नव्हती, गिऱ्हाईक मात्र गारगोटी गावचे हे लक्षात होते. परिचारिकेचे पहिले सासर गारगोटीचेच, त्यामुळे दोन दिवसांत माणूस सापडला. परिचारिकेच्या पहिल्या नवऱ्याचा भाऊ. दुमडलेली ट्रेसिंग त्याच्या घरी मिळाली. छपाई दुसऱ्याच गावी झाली होती. त्याने कबुली दिली.

चाचांबद्दल अहवालात मी लिहिले : 'पुरावा अपुरा.' खरे तर पुरावा पुरेसा होता आणि तो त्यांच्या बाजूचा होता. पण तसे लिहिले असते तर पंचनामा खोटा ठरला असता. गल्लीत बोलणे उरले, "कागद त्याच्याकडंच घावला की." परिचारिकेचे लग्न झाले. तिनेही पत्रिका दुसरीकडे छापली.

निवृत्तीनंतर धीर केला. तोवर चाचा गेले होते. दुकानात त्यांची मुलगी बसे. सारी हकीकत मी जबाबासारखी लिहून, खाली सही करून तिच्यापुढे ठेवली. तिने वाचली आणि परत माझ्याकडे सरकवली.

"अब्बांनी हे घरात सांगितलंवतं. मला कागद नको, साहेब. बाहेर कट्ट्यावर माणसं बसल्यात. त्यांच्यापुढं वाचा."

मी वाचले. एका म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

आम्ही माणसाचे नाव घालवतो ते भर रस्त्यात, आणि चूक मान्य करतो ती बंद दाराआड. एवढे शिकायला मला सगळी नोकरी आणि वर काही वर्षे लागली. त्या दिवशी जे कट्ट्यावर नव्हते, त्यांच्यासाठी हे लिहिले.