ऋषीच्या भाजीची वाटी

लालबागच्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर आम्ही चार-पाच जण भाज्या लावतो. भाजी किती निघते ते विचारू नका, लाज वाटते. किस्से मात्र पोत्याने निघालेत. चाळ पाडून टॉवर बांधला तरी माणसं चाळीतलीच, त्यामुळे एका कुंडीत दहा जणांचं नाक.

*

पहिला मान राणेभाऊंच्या दुधीचा. वेल मांडवभर, फुलं ढीगभर, पण दुधी बोटाएवढा झाला की गळायचा. मी सांगितलं, "भाऊ, इतक्या वर मधमाश्या येत नाहीत. संध्याकाळी फुलं उमलली की नर फूल तोडून मादी फुलाला हाताने लावा. ज्याच्या मागे इवलासा दुधी असतो ते मादी."

आठवड्याने बघते तर वेलीवर एकही नर फूल नाही.

"ज्यांच्या मागे दुधी नाही ती सगळी खुडून टाकली," भाऊ म्हणाले. "फुकट खत खातात!"

भाऊंची कंपनी बंद पडल्यापासून ते घरीच असतात. "मग तुम्हाला मी कधीच खुडायला हवं होतं," हे राणेवहिनी म्हणाल्या. मी नाही.

*

समोर टोलेजंग टॉवर उभा राहिला आणि आमचं ऊन गेलं. तेव्हापासून टोमॅटो नुसता लांबच लांब वाढतो, धरत काही नाही. एकदा त्याच टॉवरच्या सेल्स ऑफिसमधली मुलगी खाली पत्रकं वाटत होती. "मॅडम, प्रत्येक फ्लॅटला किचन गार्डन. भरपूर सनलाइट!"

म्हटलं, "माहीत आहे गं. तो आमचाच आहे."

*

वरच्या मजल्यावर छत गळायला लागलं. सेक्रेटरी नाईक म्हणाले, कुंड्यांमुळे. प्लंबर आला, तर टाकीचा पाइप फुटलेला निघाला. नाईक म्हणाले, "पण पाइप फुटला कशाने? कुंड्यांच्या वजनानेच ना?"

टाकी गच्चीच्या दुसऱ्या टोकाला आहे. पण मीटिंगमध्ये ठरलं, गणपती झाले की गच्ची रिकामी करायची. हात वर करणाऱ्यांत राणेभाऊही होते. मी विचारलं तर म्हणाले, "नाहीतरी दुधी धरत नाही."

*

आमच्यात खरं नुकसान होणार होतं ते सावंतकाकींचं. त्या माझ्या शेजारच्या. ऋषीपंचमीच्या उपासाला बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं, हाताने पिकवलेलंच चालतं. लग्न होऊन मुंबईत आल्यापासून काकींनी या दिवशी बाजारचीच भाजी खाल्ली, आणि दरवर्षी त्यांना ते खुपायचं. यंदा त्यांनी गावाहून बी आणून ड्रममध्ये लाल माठ, अळू, भेंडी लावली. रोज गुडघे धरत वर जायच्या आणि पानावरची अळी न अळी हाताने वेचायच्या.

"काकी, आता शेतात बैल कुठे राहिलेत?" नाईक म्हणाले. "सगळीकडे ट्रॅक्टर. बाजारची चालते."

"ट्रॅक्टर काय हातान ढकलतत?" काकी म्हणाल्या. "माझी पंचमी होऊंदेत, मगे काय ता करा."

पंचमीच्या सकाळी आम्ही दोघी सुरी घेऊन वर गेलो. ड्रममध्ये माठाचे नुसते खुंट उभे होते. कुणीतरी बुडापासून कापून नेला होता. भेंडी नाही, अळू नाही. काकी ड्रमच्या कडेला हात ठेवून उभ्या राहिल्या. माझं डोकं फिरलं. सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं, "काकींची भाजी कोणी नेली?" खाली सगळ्यांनी हात जोडलेले इमोजी टाकले आणि लिहिलं, गणपती बाप्पा मोरया.

दुपारी नाईकवहिनी झाकलेली वाटी घेऊन काकींकडे आल्या. मी तिथेच होते. "काकी, ऋषीची भाजी. एकदम ऑर्गेनिक, हाताने पिकवलेली. तुमच्या उपासाला चालेल."

त्या गेल्यावर काकींनी माठाचा एक देठ उचलून चोखला. मग दुसरा.

"आमच्या गावचोच माठ," त्या म्हणाल्या, आणि सगळी वाटी संपवली. मला ते बघवेना. मी उठून खिडकीशी गेले.

संध्याकाळी काकी एकट्याच गच्चीवर जाऊन आल्या. वाटी लख्ख घासली. शेजारची वाटी रिकामी परत देत नाहीत आपल्यात. ड्रममधून उपटून आणलेले माठाचे खुंट मुळांसकट धुतले, वाटीत भरले आणि नाईकांची बेल वाजवली.

"घ्या वहिनी," काकी म्हणाल्या. "ह्या तुमचा वर ऱ्हवला होता."